साखर संपली हे पेशीला कळतं कसं?

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला डोळे नाहीत, मज्जासंस्था नाही. एकुलती एक पेशी, लांबी जेमतेम दोन मायक्रॉन. तरीही भोवतालची साखर संपली की काही मिनिटांत त्याचं वागणं पालटतं. वाढ मंदावते, संरक्षणाची तयारी सुरू होते, आणि थोड्या वेळापूर्वी ज्या उष्णतेने, आम्लाने किंवा खारट पाण्याने तो मेला असता ते सगळं तो बऱ्यापैकी सोसू लागतो. गंमत अशी की उपासमार झाली फक्त साखरेची, पण तयारी झाली सगळ्याच संकटांची.

या बदलामागे मुख्यतः एक प्रथिन आहे, आरपीओ-एस. ते सुमारे ५०० जनुकांच्या कामावर परिणाम करतं, म्हणजे या जिवाणूच्या एकूण जनुकांपैकी जवळजवळ दहावा हिस्सा. पोटभर साखर असताना पेशीत ते शोधूनही फारसं सापडत नाही. साखर संपली की मुबलक दिसतं. मग ते येतं कुठून?

अकरावी-बारावीत आपण शिकतो तो क्रम असा: ताण आला, जनुक चालू झालं, त्यावरून आरएनए बनला, आरएनएवरून प्रथिन. हे चूक नाही. पण इथे एक अडचण आहे. प्रथिन बनवणं हे पेशीच्या सगळ्यात खर्चिक कामांपैकी एक. पेशीत ऊर्जा खेळती असते ती एटीपी या रेणूच्या रूपात, आणि प्रथिनाच्या साखळीत एक अमिनो आम्ल जोडायला साधारण चार एटीपींइतकी ऊर्जा लागते. आरपीओ-एसची साखळी ३३० अमिनो आम्लांची. म्हणजे एका रेणूमागे तेराशेहून जास्त एटीपी. घरातलं धान्य संपल्यावर पेशी हा खर्च करत बसेल का?

उत्तर असं आहे की ती आरपीओ-एस आधीपासूनच बनवत असते. साखर भरपूर असतानाही. फक्त बनल्याबरोबर त्याचे तुकडे करून टाकत असते.

खडकवासल्याचं उदाहरण घेतलं तर पुणेकराला हे लगेच उमगेल. पावसाळ्यात धरणाची पातळी वाढते ती केवळ पानशेत-वरसगावकडून किती पाणी आलं यावर नव्हे. मुठेत किती क्युसेक विसर्ग चालू आहे यावरही ती तितकीच अवलंबून असते. आवक तीच ठेवून दरवाजे खाली घेतले तर पाणी चढायला लागतं. पेशीतल्या कुठल्याही प्रथिनाची पातळी अशीच आवक आणि विसर्ग यांच्या हिशेबातून ठरते. आपण वर्षानुवर्षं आवकेकडे, म्हणजे जनुकांकडे पाहत राहिलो. ताणाला तोंड देणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत निम्मी गोष्ट तरी विसर्गाच्या बाजूला घडते, आणि ते दरवाजे बऱ्याचदा हलवतात चयापचयातले साधे, लहान रेणू. या लेखात मला सांगायचंय ते हेच.

आकड्यात पाहू. समजा एखादं प्रथिन मिनिटाला १० रेणू या वेगाने बनतंय आणि प्रत्येक रेणू सरासरी ३ मिनिटं टिकतो. मग कुठल्याही क्षणी पेशीत सुमारे ३० रेणू सापडतील. आता बनण्याचा वेग तोच ठेवा आणि आयुष्य ३ मिनिटांवरून ३० मिनिटांवर न्या. हळूहळू ३०० रेणू साठतील. जनुकाला हातही न लावता पातळी दहापट झाली. जोमाने वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये आरपीओ-एसचा निम्मा साठा दीड-दोन मिनिटांत नष्ट होतो. उपाशी पेशीत तेच प्रथिन कितीतरी जास्त टिकतं.

बनवायचं आणि लगेच मोडायचं, हा शुद्ध अपव्यय वाटतो. पण नवं प्रथिन पुरेसं साठायला लागणारा वेळ आणि ऊर्जा दोन्ही संकटाच्या क्षणी नसतात. मोडणं थांबवायला मात्र काहीच लागत नाही. सुबत्तेच्या काळात सतत मोजलेली ही किंमत पेशी वेगासाठी मोजते.

आता मुख्य प्रश्न. साखर संपल्याची बातमी विसर्गाच्या दरवाजापर्यंत पोचवतं कोण? आरपीओ-एस मोडण्याची व्यवस्था दोन टप्प्यांची आहे. आरएसएस-बी नावाचं प्रथिन त्याला पकडतं आणि क्लिप-एक्सपी नावाच्या यंत्राकडे सोपवतं. हे यंत्र प्रथिनाची घडी उलगडून, साखळी आत ओढून तिचे तुकडे करतं, आणि या कामाला एटीपी खर्च करतं. २०१२ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या थॉमस सिल्हावी यांच्या गटाने एमआयटीतल्या टानिया बेकर यांच्या गटाबरोबर या प्रश्नाचा छडा लावला. साखरेच्या विघटनाची एकेक पायरी अडवून त्यांनी पाहिलं की कुठे अडवलं असता आरपीओ-एस मोडणं थांबतं. उपाशी पेशींना साखर दिल्यावर मोडणं पुन्हा सुरू व्हायचं, तेही नवी प्रथिनं बनण्यावर अजिबात अवलंबून न राहता. म्हणजे मधे कुठलं नवं जनुक चालू व्हायची गरज नव्हती. शोधता शोधता बोट थेट एटीपीवर आलं. त्याच्यासारख्याच जीटीपीवर नाही आणि ऊर्जेच्या देवाणघेवाणीतल्या एनएडीएच या दुसऱ्या रेणूवरही नाही.

या कामातला शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी शुद्ध केलेली प्रथिनं परीक्षानळीत एकत्र केली आणि यंत्राचा एटीपी जाळण्याचा वेग कमी केला. यंत्र इतर प्रथिनं मोडत राहिलं. आरपीओ-एस मात्र मोडू शकलं नाही. म्हणजे पेशीची रोजची झाडलोट चालू राहील इतका एटीपी शिल्लक असतानाच आरपीओ-एसचा विसर्ग बंद पडतो. टंचाई जाणवायला वेगळा संवेदक बसवावा लागलेला नाही. जे इंधन मोडण्याच्या कामाला लागतं, तेच कमी झालं की मोडणं थांबतं आणि पातळी चढते.

एटीपी, ग्लुकोज, लॅक्टेट, अमिनो आम्लं, अन्न जाळताना मधल्या पायऱ्यांवर बनणारी सक्सिनेट-फ्युमरेटसारखी आम्लं, या सगळ्यांना मिळून मेटाबोलाइट म्हणतात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलेलं अन्न जाळण्याचं चक्र जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेलं असतं: सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-किटोग्लुटारेट... परीक्षेपुरतं पाठ करताना ही नावं नुसती मधली स्थानकं वाटतात. गेल्या पंचवीसेक वर्षांत कळलं ते असं की यातलं जवळजवळ प्रत्येक स्थानक कुठल्या ना कुठल्या प्रथिनाची पातळी वरखाली करत असतं.

जिवाणूंमध्ये असे मार्ग आणखी आहेत. अमिनो आम्लं कमी पडली की पीपीजीपीपी नावाचा लहान रेणू भराभर तयार होतो. मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांनी तो १९६९ मध्ये नोंदवला. फॉस्फेटची टंचाई झाली की याच रेणूमुळे आयआरए-पी नावाचं एक छोटं प्रथिन वाढतं. ते आरएसएस-बीला अडवून धरतं, आणि आरपीओ-एस पुन्हा वाचतं. मॅग्नेशियमची टंचाई आणि डीएनएची मोडतोड यांच्यासाठी अशीच आणखी दोन प्रथिनं आहेत. टंचाई कसलीही असो, वाट त्याच दरवाजाशी येते.

आपल्या पेशींत: ऑक्सिजनची टंचाई

माणसाच्या पेशीत याच युक्तीचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण म्हणजे हिफ हे प्रथिन. ऑक्सिजन कमी पडला की ते वाढतं आणि मग नव्या रक्तवाहिन्या, जास्त तांबड्या पेशी, ऑक्सिजनशिवाय साखर वापरण्याची सोय, हे सगळं मार्गी लावतं. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल यासाठीच मिळालं. हिफसुद्धा सतत बनतं आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर पाचेक मिनिटांत निम्मं नष्ट होतं.

ते नष्ट व्हायला त्यावर आधी एक खूण उमटावी लागते. ही खूण उमटवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) चार गोष्टी लागतात: ऑक्सिजन, लोह, क जीवनसत्त्व आणि क्रेब्ज चक्रातलं अल्फा-किटोग्लुटारेट. खूण उमटवताना अल्फा-किटोग्लुटारेट खर्च होऊन त्याचं सक्सिनेट बनतं. इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. एका प्रथिनाचा विसर्ग एकाच वेळी फुप्फुसातून आलेल्या हवेवर आणि अन्न जाळण्याच्या चक्रावर टेकलेला आहे. ऑक्सिजन भरपूर असूनही सक्सिनेट तुंबलं, तर ते या विकरांच्या कामात आडवं येतं. खूण उमटत नाही, हिफ नष्ट होत नाही, आणि पेशी ऑक्सिजन असूनही नसल्यासारखी वागते.

हे फक्त परीक्षानळीतलं नाही. मानेत, मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जिथे दुभंगते, तिथे कॅरॉटिड बॉडी नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा अवयव असतो. रक्तातल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. उंच पर्वतावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांत तो वाढलेला आढळतो. काही कुटुंबांत मात्र समुद्रसपाटीला राहूनही तिथे गाठी होतात. २००० साली कळलं की अशा कुटुंबांत सक्सिनेटला पुढच्या पायरीवर नेणाऱ्या विकराचं जनुक बिघडलेलं असतं. ते ऐकून अनेकांना कोडं पडलं होतं. ऊर्जा बनवण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला तर पेशी मरायला हव्यात, गाठ का वाढते? २००५ मध्ये सक्सिनेट आणि हिफ यांचा हा धागा हाती लागला आणि उलगडा होऊ लागला.

फ्युमरेटची गोष्ट, आणि बुरशीचं आम्ल

सक्सिनेटनंतरची पायरी फ्युमरेटची. ते तुंबलं तरीही हिफ वाढतं. पण फ्युमरेट आणखी एक गोष्ट करतं, आणि ती समजायला एनआरएफ-२ हे प्रथिन माहीत हवं. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दाहक रेणू वाढले किंवा बाहेरून विषारी रसायन आलं, की एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन ते निष्प्रभ करणारी विकरं तयार करवतं. शांततेच्या काळात हेही बनताक्षणी मोडलं जातं. त्याचा निम्मा साठा वीसेक मिनिटांत नष्ट होतो. मोडण्यासाठी त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव कीप-१.

कीप-१च्या अंगावर सिस्टीन या अमिनो आम्लाची बरीच टोकं आहेत. सिस्टीनमध्ये गंधक असतं आणि ते सहज इतर रेणूंशी बंध जोडतं. दाहक किंवा जोडीदार शोधणारा एखादा रेणू आला की तो या गंधकाला चिकटतो, कीप-१चा आकार बिघडतो, एनआरएफ-२ सुटतं आणि साठू लागतं. दरवाजा पुन्हा खाली आला. २०११ मध्ये दिसून आलं की फ्युमरेट तुंबलेल्या पेशींत ते थेट कीप-१च्या गंधकाला जाऊन चिकटतं. फ्युमरेट पुढे नेणारं विकर ज्यांच्यात जन्मतः सदोष असतं अशा काही कुटुंबांत मूत्रपिंडाचा एक आक्रमक कर्करोग होतो, आणि त्या पेशींत एनआरएफ-२ कायम चढलेलं असतं. ताणापासून वाचवणारं प्रथिन कर्करोगाच्या पेशीलाही तितकंच वाचवतं, हे इथे विसरून चालणार नाही.

त्याच फ्युमरेटचा औषधी अवतारही आहे. डायमिथाइल फ्युमरेट हे औषध २०१३ पासून अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी मान्यताप्राप्त आहे. ते कीप-१ला अडवून एनआरएफ-२ वाढवतं; त्याच्या परिणामात इतरही वाटा असाव्यात असं मानलं जातं.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती इटाकोनेटची हकीकत. अ‍ॅस्परजिलस टेरियस ही बुरशी इटाकोनिक आम्ल बनवते आणि उद्योगांत ते राळ, प्लास्टिक वगैरेंसाठी कधीपासून वापरलं जातं. आपल्या शरीरात त्याचं काम असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग कळलं की जिवाणूंशी लढणाऱ्या आपल्या भक्षक पेशी, मॅक्रोफेज, लढाई सुरू झाली की क्रेब्ज चक्रातून एक फाटा काढून हेच आम्ल मोठ्या प्रमाणात बनवतात. ते काही जिवाणूंची वाढ रोखतं. शिवाय २०१८ मध्ये दिसलं की ते त्या पेशीच्या स्वतःच्या कीप-१ला चिकटून एनआरएफ-२ वाढवतं आणि दाह आवरता घेतं. शत्रूवर सोडलेल्या रसायनानेच स्वतःचं घर जळू नये याची तजवीज, आणि ती त्याच रेणूकडून.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या एकाच कुळातल्या भाज्या चिरताना जो उग्र दर्प येतो, त्यामागचे गंधकयुक्त रेणूही कीप-१ला चिकटू शकतात. ब्रोकोलीतून १९९२ मध्ये वेगळा केलेला सल्फोराफेन हा असाच एक रेणू. भाज्या जरूर खाव्यात. मात्र त्यांच्या अर्काच्या गोळ्या घेतल्याने रोग टळतात असं त्यावरून सिद्ध होत नाही.

आवकेच्या बाजूने

सगळंच विसर्गावर चालतं असं नाही. अमिनो आम्लांची टंचाई झाली की पेशी बहुतेक प्रथिनांचं उत्पादन आवरतं घेते, पण एटीएफ-४ या एका प्रथिनाचं वाढवते. ते कसं? अमिनो आम्लं वाहून नेणारे आरएनए रिकामे फिरू लागतात. हे रिकामेपण जीसीएन-२ या विकराला जाणवतं आणि ते प्रथिननिर्मितीचा आरंभ मंदावतं. एटीएफ-४ ज्यावरून बनतं त्या आरएनएत सुरुवातीला काही फसवे आरंभबिंदू आहेत. काम वेगात चालू असताना पेशीची यंत्रणा त्यांतच अडकते. मंदावली की ती ते ओलांडून खऱ्या आरंभापाशी पोचते. यीस्टमध्येही जवळजवळ अशीच रचना आहे, त्यामुळे ही युक्ती फार जुनी असणार.

उष्णतेला तोंड देणाऱ्या प्रथिनांचा शोधही आवकेच्या बाजूचा. इटलीत फेरुचियो रिटोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं पाहत होते. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवलं, आणि गुणसूत्रांवर ठरावीक जागी नवे फुगीर भाग दिसले. तिथली जनुकं जोरात कामाला लागली होती. १९६२ मध्ये हे छापून आलं. त्या निबंधाची अर्धी बाजू फार कमी वेळा सांगितली जाते: डायनायट्रोफिनॉल दिल्यावरही तेच फुगीर भाग दिसले होते. या रसायनाने अन्न जळत राहतं पण एटीपी बनत नाही. म्हणजे उष्णतेच्या ताणाचं चयापचयाशी असलेलं नातं पहिल्याच दिवशी समोर होतं. त्या जनुकांची प्रथिनं १९७४ मध्ये हाती लागली. त्यांना चालू करणारं एचएसएफ-१ हे प्रथिन डीएनएवर किती वेळ टिकून राहतं यात एनएडी या मेटाबोलाइटवर चालणाऱ्या सर्ट-१ विकराचा हात असतो, असं २००९ मध्ये दाखवलं गेलं.

सिंहगड, उपास आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायवाटेने चढणाऱ्यांच्या मांड्यांत काय चालतं ते पाहू. स्नायूतला एटीपी झपाट्याने खर्च होतो, पण त्याची पातळी फारशी उतरत नाही, कारण पेशी तो लगेच भरून काढते. एटीपी खर्च झाल्यावर उरणारे दोन एडीपी रेणू एकत्र आणून एक एटीपी आणि एक एएमपी बनवणं हा त्यातला एक मार्ग. परिणामी एटीपी किंचित घटला तरी एएमपी कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून थकव्याची बातमी एटीपीपेक्षा एएमपी जास्त ठळकपणे देतो. एएमपीके हे विकर तो ओळखतं आणि त्यातून, इतर गोष्टींबरोबर, नवे मायटोकॉन्ड्रिया आणि दाहक रेणू निष्प्रभ करणारी विकरं वाढण्याची वाट मोकळी होते. चढताना मायटोकॉन्ड्रियात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही बनतं आणि तेही निरोप पोचवतं.

२००९ मध्ये जर्मनीतल्या मायकेल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, काहींना नाही. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली आणि शरीराची स्वतःची संरक्षक विकरं वाढली. गोळ्या घेणाऱ्यांत हे दोन्ही झालं नाही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत निकाल इतका स्पष्ट आला नाही हेही खरं. पण कोथरूडपासून खराडीपर्यंत व्यायामशाळांमध्ये अँटिऑक्सिडंटचे डबे ज्या खात्रीने विकले जातात, ती खात्री या विज्ञानात कुठेही नाही. संकेत म्हणून काम करणारा रेणू पुसून टाकला, तर संकेतावर उभी राहणारी तयारीही होणार नाही.

उपासाचंही तसंच. बरेच तास काही न खाल्ल्यावर यकृत चरबीपासून बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट नावाचा रेणू बनवतं. मेंदूला आणि स्नायूंना तो इंधन म्हणून चालतोच, शिवाय डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या खुणा पुसणाऱ्या विकरांना तो अडवतो. २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात यामुळे ताणाला तोंड देणारी काही जनुकं जास्त कामाला लागलेली दिसली. मात्र या परिणामाला लागणारी त्याची रक्तातली पातळी बहुतेकांत एका रात्रीच्या उपासाने गाठली जात नाही. आपल्या एकादशीला तर साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं असतं, म्हणजे जवळपास निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यांनी इन्सुलिन वाढतं आणि यकृत हा रेणू बनवणं थांबवतं. श्रद्धेने केलेल्या उपासाला या स्पष्टीकरणाची गरज नाही, पण तब्येतीचा दावा करायचा असेल तर ताटात काय आहे ते आधी पाहावं लागेल. मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब उपास करू नयेत.

मोजतात कसं

हे सगळं मोजणं जिकिरीचं आहे. प्रथिन किती टिकतं हे पाहायला नवं प्रथिन बनणंच औषधाने बंद करतात आणि दर काही मिनिटांनी उरलेलं मोजतात. आवक तोडून पाणी किती वेगाने उतरतं ते पाहावं तसं. मेटाबोलाइट मोजणं त्याहून अवघड, कारण पेशीतला एटीपी काही सेकंदांत बदलतो. पेशी फिरवून गोळा करण्यात पाच मिनिटं घालवली तर आपण मूळ पेशी मोजलेलीच नसते. म्हणून त्यांच्यावर अतिथंड मिथेनॉल ओतून सगळ्या क्रिया जागच्या जागी थांबवतात.

शिवाय पेशी कशात वाढवल्या हाही प्रश्न असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरातल्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवल्या जातात. जगभर अशा पेशी सहसा ३७ अंश सेल्सिअसला वाढवतात, आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका पोषक द्रवात लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तात ते लिटरला एक ग्रॅमच्या आत असतं. उबवणपेटीत ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास, तर शरीरातल्या बऱ्याच ऊतींमध्ये ५ टक्के किंवा त्याहून कमी. हिफ आणि एनआरएफ-२ ज्या गोष्टींवर हलतात, नेमक्या त्याच गोष्टी बशीत अशा वेगळ्या असतात. एखादं रसायन 'ताण-प्रथिनं वाढवतं' अशी बातमी वाचली की मी पहिल्यांदा पाहते ते हेच: पेशी कुठल्या द्रवात होत्या, किती ऑक्सिजनमध्ये होत्या, आणि रसायन किती घातलं होतं.

या समजुतीचा उपयोग आता दवाखान्यापर्यंत पोचलाय. मूत्रपिंड निकामी होत गेलं की तांबड्या पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडतं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन खालावतं. आतापर्यंत त्याची इंजेक्शनं द्यावी लागत आणि ती थंड जागी जपावी लागत. पण हे संप्रेरक बनवायला हिफच सांगतं. म्हणून हिफवर खूण उमटवणाऱ्या विकरांमध्ये अल्फा-किटोग्लुटारेटची जागा अडवणारी औषधं तयार झाली. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या डेसिडुस्टॅट या गोळीला भारतात मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली. हिफ कायम चढलेलं राहिलं तर काय होऊ शकतं ते मानेतल्या गाठींच्या उदाहरणात आपण पाहिलंच. ही गोळी आठवड्यातून तीनदा देतात. तिचा अंमल ओसरला की तीच विकरं पुन्हा खुणा उमटवू लागतात आणि पुढच्या गोळीपर्यंत हिफची पातळी खाली येते.